फाटकाबाहेर कोण उभे आहे?

सीमाभागातल्या आपल्या घरांत एकेका वस्तूला दोन-दोन नावे असतात. सासूबाईंचा तांब्या सुनेचा चंबू असतो आणि नातवाला दोन्ही शब्द बाळगुटीबरोबरच पाजलेले असतात. तुरुंगाचेही तसेच आहे. मराठीतला 'तुरुंग' पोर्तुगिजांकडून आला आणि इथलाच होऊन राहिला. कन्नडमध्ये मात्र 'सेरेमने' म्हणतात. सेरे म्हणजे कैद, मने म्हणजे घर. मुलांना ठेवण्याच्या जागांना तर सगळ्याच भाषांनी घर मानले आहे. आपण सुधारगृह, निरीक्षणगृह म्हणतो, कन्नड पाटीवर 'वीक्षणालय' लिहिलेले असते, जुनी माणसे अजून रिमांड होमच म्हणतात आणि गोव्यात मेरशीच्या संस्थेचे नावच 'अपना घर' आहे.

नावात घर आहे हे चांगलेच. पण वाचकहो, घराला घरपण भिंतींनी येत नाही. उशीर झाला तर कुणीतरी दारात येऊन उभे राहते, आल्यावर रागावते आणि रागावूनही ताटात आणखी एक भाकरी वाढते, म्हणून ते घर. कुलूप लावलेल्या घरात हे कोण करणार? तिथला कर्मचारी आपली पाळी संपली की निघतो, कारण त्यालाही घर असते. आपली वाट मुद्दाम वाकडी करून, दर आठवड्याला या मुलांसाठी येणारी माणसे फार थोडी. त्यांतली बरीच ख्रिस्ती असतात आणि त्यांच्या येण्याबद्दल आपल्याकडे बरीच कुजबुजही असते. अशीच कुजबुज अलीकडे आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाभोवती सुरू झाली, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

त्या मुलाचे नाव, गल्ली, शाळा यांतले काहीही मी लिहिणार नाही. कायद्याने ते मना आहे, आणि कायदा नसता तरी लिहिले नसते. वय सोळा, मोटारसायकल दुसऱ्याची आणि सोबतीला वयाने मोठी दोन पोरे, एवढेच पुरे. वडील म्हणाले, "आमच्यापुरता तो मेला." आई दोनदा जाऊन आली, मग घरातल्या धाकाने तिचेही पाऊल अडले. त्याच्याकडे नेमाने जात राहिल्या त्या कॅम्प भागातल्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे नुसते 'टीचर' म्हणतात. घरात कोंकणी, बाजारात मराठी आणि वर्गात कन्नड, अशा तीन भाषांत त्यांचा जन्म गेला. हे कळताच वडील टीचरवरच उखडले. "पोराला बाटवायला निघाल्यात!" गल्लीनेही मान डोलावली.

टीचरांकडे मी जाऊन आले, ते पुढे सांगते. आधी ही वहिवाट आली कुठून ते पाहू.

बंदिवानाला भेटणे हे ख्रिस्ती धर्मात दयेच्या कामांपैकी एक मानले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देण्याच्या पंगतीतच तुरुंगातल्याची भेट येते. त्याला जो भेटला तो मलाच भेटला, असे ख्रिस्त समजतो. मात्र मोठ्यांच्या तुरुंगात सापडलेल्या लहानांचा वेगळा विचार नेटाने सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्यातले एक नाव आपल्या मुलांच्या दप्तरावरही असते, डॉन बॉस्को. आपल्याकडे 'डॉन' म्हटले की हिंदी सिनेमातला गुंड आठवतो. इटलीत मात्र धर्मगुरूला आदराने डॉन म्हणतात.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा, उत्तर इटलीतल्या गरीब शेतकरी घरातला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील गेले. आई मार्गारेट निरक्षर, पण कष्टाळू आणि शिस्तीची. आपल्याकडे श्यामची आई जशी घराघरांत पोहोचली, तशी ही माउली तिकडे पोहोचली आहे. १८४१ च्या जूनमध्ये बॉस्को धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षी तुरीन शहरात आले. शहर झपाट्याने वाढत होते. खेड्यांतली पोरे गवंड्यांच्या हाताखाली, धुराडी साफ करायला, मिळेल त्या कामाला येत होती. काम सुटले की रस्ता, आणि रस्त्यावरून तुरुंग. बॉस्कोंचे गुरू फादर कफासो तुरुंगात नेमाने जात असत. ते या तरुण शिष्यालाही सोबत नेऊ लागले.

तिथे जे दिसले ते बॉस्कोंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बारा ते अठरा वर्षांची, अंगाने धडधाकट आणि डोक्याने तल्लख अशी कितीतरी मुले रिकामी बसलेली, किड्यांनी फोडलेली, पोटाला पुरेसे नसलेली. पण त्याहून एका गोष्टीने ते हादरले. सुटताना मुले चांगले वागण्याचा मनापासून निश्चय करून बाहेर पडत आणि थोड्याच दिवसांत तीच मुले पुन्हा आत दिसत. असे का होते, याचा त्यांनी शोध घेतला. उत्तर साधे होते. बाहेर त्यांचे कुणी नव्हते. बाहेर जर त्यांचा एखादा मित्र असता, सणावारी ज्याच्याकडे जाता आले असते, ज्याने हाताला काम मिळवून दिले असते, तर ही मुले परत आली असती का? पुढची सेहेचाळीस वर्षे त्यांनी जे केले ते या एका प्रश्नाचे उत्तर होते.

रविवारी मुले जमवायची, खेळवायची, धर्म शिकवायचा, दोन अक्षरे शिकवायची, यापासून सुरुवात झाली. गोंगाटाला कंटाळून लोक एका जागेवरून दुसरीकडे हाकलत. शेवटी १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक छप्पर भाड्याने मिळाले. त्याच वर्षी मार्गारेटबाई गाव सोडून मुलाच्या मदतीला आल्या आणि मरेपर्यंत, दहा वर्षे, परक्यांच्या पोरांचे कपडे शिवत, त्यांना जेवू घालत राहिल्या. १८५३ पासून चांभारकाम, शिवणकाम, बुकबांधणी, सुतारकाम, छपाई असे कारखाने एकेक करून उभे राहिले.

मला या सगळ्यात थोर वाटतो तो एक कागद. मुलाला कामाला लावताना बॉस्को मालकाशी स्टँपपेपरवर करार करीत. १८५२ चा एका सुताराशी केलेला असा करार प्रसिद्ध आहे. मालकाने मुलाला धंदा शिकवायचा, चुकला तर शब्दांनी समजवायचे, हात उगारायचा नाही, सणाच्या दिवशी सुट्टी द्यायची. खाली मालकाची सही, मुलाची सही आणि बॉस्कोंचीही. प्रार्थना शिकवणारे पुष्कळ असतात. पोरासाठी स्टँपपेपरवर सही करणारा विरळा.

तुरीनच्या वेशीबाहेर १८४५ मध्ये 'जेनेराला' नावाचे मुलांचे सुधारगृह सुरू झाले. तिथेही बॉस्को जात. तिथल्या सुमारे तीनशे मुलांना एक दिवस त्यांनी पहारेकऱ्यांशिवाय स्तुपिनिजीपर्यंत सहलीला नेले आणि संध्याकाळी सगळीच्या सगळी परत आणली, अशी १८५५ मधली गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. इतिहासकार तिच्या तपशिलावर वाद घालतात. पण आपल्याला ती ओळखीची वाटते, कारण आपण 'दो आंखें बारह हाथ' पाहिला आहे. शांतारामबापूंच्या १९५७ च्या त्या चित्रपटामागेही औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या उघड्या तुरुंगाची खरी हकीकत होती. कुलपापेक्षा विश्वास माणसाला घट्ट बांधतो, हे औंधलाही कळले होते आणि तुरीनलाही. जेनेरालाच्या जागी आजही मुलांचा तुरुंग आहे आणि तिथे कित्येक दशके बॉस्कोंच्या सालेशियन संघाचेच धर्मगुरू सेवा देत आले.

हा संघ १८५९ मध्ये स्थापन झाला, १९०६ मध्ये तंजावरला आणि १९४६ मध्ये गोव्यात आला. बंगळुरूच्या रस्त्यांवरल्या मुलांसाठी त्यांनी १९८० मध्ये 'बॉस्को' नावाचे काम सुरू केले, तर मुंबईत वडाळ्याला १९८७ मध्ये 'शेल्टर' उभे केले. मूळ कल्पना तीच, मूल आत जाण्याआधीच बाहेर त्याला मित्र मिळावा.

दुसरे नाव एका बाईचे आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या देशापर्यंत येतो. मेरी कार्पेंटर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका धर्मोपदेशकाची ही मुलगी. १८३३ मध्ये राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला वारले. त्याआधी त्यांची भेट झाल्याने हिच्या मनात हिंदुस्थानची ओढ निर्माण झाली. त्या काळी इंग्लंडात भाकरी चोरणारे दहा वर्षांचे पोरही मोठ्यांच्या तुरुंगात जाई. मेरीबाईंनी त्याविरुद्ध पुस्तके लिहिली, १८५२ मध्ये किंग्जवुडला सुधारशाळा काढली, १८५४ मध्ये मुलींसाठी 'रेड लॉज' उघडले. त्याच वर्षी पार्लमेंटने अशा शाळांना मान्यता देणारा कायदा केला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, बिघडलेले मूल हे आधी मूल आहे. त्याला घर मिळाले नाही, म्हणून ते बिघडले.

१८६६ मध्ये साठीला टेकलेल्या या बाई बोटीने मुंबईला आल्या. पुढच्या दहा वर्षांत त्या चार वेळा इकडे आल्या. शाळा पाहिल्या, तुरुंग पाहिले, सरकारकडे सुधारशाळांचा आग्रह धरला. १८७६ मध्ये आपल्याकडे सुधारशाळांचा कायदा झाला. स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असूनही इथल्या लोकांच्या धर्मात आपण ढवळाढवळ करणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि ते पाळले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या भागाचाही या इतिहासात वाटा आहे. इंग्लंडातल्या बोर्स्टल गावी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तरुण गुन्हेगारांना मोठ्यांपासून वेगळे ठेवून शिकवण्याचा प्रयोग झाला. त्यावरून १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने बोर्स्टल शाळांचा कायदा केला. ती शाळा होती आपल्या धारवाडात. पेढ्याचे आणि गाण्याचे धारवाड आपण सांगतो, हे धारवाड सांगायचे राहून जाते.

आता टीचरांकडे येऊ. मी गेले तेव्हा त्या माडीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होत्या. मी आडपडदा न ठेवता विचारले, "टीचर, तिथे जाऊन तुम्ही नक्की करता काय?"

त्या हसल्या. "आधी जेवलास का विचारते. 'ऊटा आतेनो?' एवढेच. काय केलंस, हे कधीच विचारत नाही. ते पोलिसांनी विचारलेले असते, साहेबांनी विचारलेले असते, आईबापांनी तर रडून विचारलेले असते. जेवलास का, हे विचारणारे कुणी राहिलेले नसते."

मग त्यांनी सांगितले ते असे. जाताना कॅरमच्या सोंगट्या, बोरिक पावडर, सुई-दोरा आणि कोरे कागद न्यायचे. कागद पत्रांसाठी. कितीतरी मुलांना लिहिता येत नाही, ज्यांना येते त्यांना आईला काय लिहावे ते सुचत नाही. मुलगा मराठीत सांगतो, आई कन्नड वाचणारी असते, म्हणून टीचर कन्नडमध्ये लिहितात. उत्तर येतेच असे नाही. तरी पुढच्या वेळी मुलगा पुन्हा लिहायला बसतो.

"आणि प्रार्थना?" मी विचारले.

"मी माझी मनातल्या मनात करते. रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत. आत गेल्यावर पुस्तक नाही, पत्रक नाही, क्रूससुद्धा वाटत नाही. अधीक्षकांची परवानगी आहे ती भेटीची आणि शिकवण्याची. एकदा एक पोरगा म्हणाला, 'टीचर, मला झोप लागत नाही, तुमची प्रार्थना शिकवा.' मी म्हटले, तुझी आजी संध्याकाळी काय म्हणायची? तो थोडा वेळ गप्प बसला. मग 'शुभं करोति' म्हणायला लागला. अर्ध्यात अडकला. कोपऱ्यातल्या दुसऱ्याने पुढचे सांगितले. झाली प्रार्थना."

निघताना दाराशी एक पिशवी दिसली. आत चपलांचे दोन-तीन जोड. मी विचारले तर म्हणाल्या, "सुटायच्या दिवशी लागतात. पोर आत येते तेव्हा जी चप्पल असते ती जाताना होत नाही. या वयात पाय काय थांबतात? आईबाप आले तर बरे. नाही आले तर मी फाटकाबाहेर थांबते. अनवाणी घरी जायचे नाही कुणी."

मला बॉस्कोंचा तो प्रश्न आठवला. बाहेर एखादा मित्र असता तर?

आता बाटवण्याच्या शंकेविषयी. ती शंका हवेतून आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. दुष्काळात, अनाथालयांत पोटाची आणि धर्माची गाठ मारल्याचे आरोप आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षे होत आले आहेत आणि कुलपाआडचे मूल तर सर्वांत अगतिक. त्याला धड 'नको' म्हणता येत नाही. म्हणून इथे नियम कडकच हवेत. शिक्षणसंस्थांपुरता आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने तो घालून दिला आहे. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही, आणि अनुदानित संस्थेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीवाचून त्यात बसवायचे नाही. तोच विवेक निरीक्षणगृहातही हवा. भेट उघड्यावर, कर्मचाऱ्यांच्या देखत व्हावी, खाऊच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली जाऊ नये. कुणी तसे करत असेल तर त्याला रोखलेच पाहिजे. मेरी कार्पेंटरबाईंना हे दीडशे वर्षांपूर्वी कळले होते.

पण शंका घेणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. टीचर जात होत्या तेव्हा आपल्यापैकी कोण जात होते? भजनी मंडळाला, महिला मंडळाला, गणेशोत्सव मंडळाला परवानगी मागायला कुणी मना केले आहे का? रिकामी खुर्ची दिसल्यावर जो बसला त्याच्याशी भांडण काढायचे आणि खुर्ची मात्र रिकामीच ठेवायची, हा न्याय कुठला?

रोमच्या कासाल देल मार्मो या मुलांच्या तुरुंगातला एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. २८ मार्च २०१३ रोजी, पदावर येऊन पंधरवडाच झालेला असताना, पोप फ्रान्सिस तिथे गेले आणि गुडघे टेकून त्यांनी बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या. मुसलमानही होते. कुणाला धर्म बदलायला सांगितले नाही. दहा वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये ते पुन्हा त्याच जागी गेले. २०२५ मध्ये ते वारले तेव्हा जगाने त्यांची बरीच कामे आठवली, मला मात्र ते वाकलेले म्हातारे माणूस आठवले. पाय धुणारा पायांकडे पाहतो, गुन्ह्याच्या कागदाकडे पाहत नाही.

आपला कायदाही, नीट वाचला तर, याच बाजूचा आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा अशा मुलाला 'गुन्हेगार' म्हणतच नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द जड आहे, हेतू चांगला आहे. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे, शक्यतो जामीन द्यायचा. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत निदान एक स्त्री. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला असेल तर गोष्ट वेगळी, एरवी जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात. त्यानंतर त्या निकालामुळे त्याला पुढे नोकरी-शिक्षणाला अपात्र धरायचे नाही. कोरी पाटी देण्याचे तत्त्व कायद्यात लिहिलेले आहे.

पण पाटी कोरी कुणी ठेवायची? सरकारच्या कपाटात ती कोरी राहील, गल्लीच्या तोंडी राहील का? दुकानदार विचारतो, "तोच ना तो?" शाळा म्हणते जागा भरल्या. लग्नकार्यात काकू पर्स जवळ ओढून घेते. कायद्याने तीन वर्षे दिलेली शिक्षा आपण तीस वर्षांची करून टाकतो. मग तो पोरगा जिथे त्याला नावाने हाक मारतात तिथे, म्हणजे त्या दोन मोठ्या पोरांकडे, परत जातो, आणि आपण म्हणतो, बघा, सांगितले नव्हते?

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. चौकशी संपून तो घरी आला आहे. आणायला आई गेली होती, टीचर तिच्यासोबत होत्या. वडील गेले नाहीत, पण रात्री ताट वाढले तेव्हा पाटावरून उठलेही नाहीत. उद्यमबागेतल्या एका कारखानदाराने त्याला हाताखाली घ्यायचे कबूल केले आहे, वय आणि काम कायद्यात बसेल असे, शाळा सुटू न देता. टीचरांनी शब्द टाकला. धर्माचे म्हणाल तर तो गणपतीत ढोल वाजवतो आणि नाताळात टीचरांकडे केक खाऊन येतो.

आपला विठोबा कानड्यांचाही आहे आणि मराठ्यांचाही. तो काय करतो? काही बोलत नाही, काही विचारत नाही, कमरेवर हात ठेवून युगानुयुगे उभा राहतो. येणारा कधी, कुठून, काय करून आला याची चौकशी त्याच्या दारात होत नाही. दर वारीला आपण त्या उभे राहण्याला नमस्कार करतो. तुमच्या नात्यात, गल्लीत, शाळेत असे एखादे मूल असेल तर त्याची आई आज लोकांच्या नजरा चुकवत असेल. तिला एवढेच विचारा, "पुढच्या भेटीला कधी जायचे? मी येते सोबत."